सही करण्याआधीच झालेला करार: छोट्या धंद्यासाठी करार कायदा शिकताना

२०२१ च्या सुरुवातीला क्राफ्ट पेपरचे भाव आठवड्याआड बदलत होते. आमचा कोरुगेटेड बॉक्सचा छोटा कारखाना. एका पार्टीला मी ई-मेलवर कोटेशन पाठवलं: पाच प्लायचा (थरांचा) बॉक्स, दर अमुक, पेमेंट ३० दिवसांत, भाव फक्त सात दिवसांसाठी. दोन दिवसांनी त्यांची पीओ, म्हणजे खरेदीची लेखी ऑर्डर, आली. दर तोच, नग तेवढेच. खाली मुंगीच्या अक्षरात सतरा अटी. मी दर आणि नग बघितले, गाडी भरली, चलन फाडलं आणि माल पाठवून दिला. महिनाभराने पेपर आणखी चढला, तेव्हा मी पुढच्या लॉटला नवा दर मागितला. त्यांनी पीओतली नववी अट दाखवली, ‘दर सहा महिने कायम’. अकरावी होती ‘पेमेंट ९० दिवस’.

“पण मी त्या पीओवर सही कुठे केलीय?” मी आमच्या वकिलांना तावातावाने विचारलं.

“गाडी पाठवलीत ना?” ते म्हणाले.

त्या एका प्रश्नातून मी करार कायदा शिकायला लागलो. मी वकील नाही, आणि मोठ्या रकमेचं काम असेल तर वकिलाची फी देणंच स्वस्त पडतं. पण वकील रोज आपल्या टेबलाशी बसलेला नसतो. करार मात्र रोज होत असतात, फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर, गेटवर माल उतरवून घेताना. तो नेमका कधी होतो हे ओळखता आलं तरी निम्मी कटकट मिटते. मी ज्या क्रमाने शिकलो, तोच क्रम इथे देतो आहे.

पुस्तक कोणतं, आणि त्यातलं किती

मूळ कायदाच वाचा. भारतीय करार अधिनियम, १८७२. मराठी कायद्याच्या पुस्तकांत त्याला ‘संविदा अधिनियम’ म्हणतात. सरकारच्या ‘इंडिया कोड’ या संकेतस्थळावर तो फुकट मिळतो. कलमांचे आकडे २६६ पर्यंत जातात, पण त्याने दचकू नका, मधली बरीच कलमं आता त्यात नाहीतच. ७६ ते १२३ ही कलमं १९३० साली मालविक्रीच्या स्वतंत्र कायद्यात गेली, २३९ ते २६६ ही १९३२ साली भागीदारीच्या कायद्यात गेली. उरलेल्यात पहिली ७५ कलमं सगळ्या करारांना लागू होणारी. १२४ ते १४७ मध्ये नुकसानभरपाईची हमी आणि जामीनकी, १४८ ते १८१ मध्ये दुसऱ्याचा माल आपल्या ताब्यात असणं आणि तारण, आणि १८२ पासून पुढे एजन्सी.

आधी १ ते ३० वाचा, मग ५५, ५६, ६२, ७३ आणि ७४. जॉबवर्क करत असाल तर १४८ पासूनचा भागही, कारण पार्टीचा कच्चा माल तुमच्या शेडमध्ये असतो, तेव्हा तो सांभाळायची जबाबदारी कायद्याने तुमच्यावर टाकलेली असते.

कलमांपेक्षा त्याखालचे दृष्टांत मला जास्त उपयोगी पडले. त्यात ‘अ’ आणि ‘ब’ नावाची दोन माणसं दीडशे वर्षं एकमेकांना घोडे, साखर, तेल विकताहेत. वाचताना ‘अ’च्या जागी स्वतःला बसवा, ‘ब’च्या जागी तुमची सगळ्यात त्रासदायक पार्टी. कलम २९ बघा. ‘अ’ने ‘ब’ला शंभर टन तेल विकायचं कबूल केलं, पण कुठलं तेल ते कशावरूनच कळत नाही, म्हणून तो करार शून्य, म्हणजे मुळातच नाही. पण ‘अ’ फक्त खोबरेल तेलाचाच व्यापारी असेल, तर कुठलं तेल हे उघड आहे, करार टिकतो. मी हे वाचलं आणि माझ्या जुन्या ऑर्डरी काढून पाहिल्या. अर्ध्या ऑर्डरींत ‘बॉक्स ५००० नग, नेहमीप्रमाणे’ एवढंच. प्लाय किती, जीएसएम (कागदाचं वजन) किती, बर्स्टिंग फॅक्टर (कागदाची मजबुती) किती, काही नाही. जुनी पार्टी असेल तर ‘नेहमीप्रमाणे’ म्हणजे काय ते मागच्या बिलांवरून दाखवता येतं. नव्या पार्टीच्या बाबतीत आपण तेलाचा ‘अ’ झालेलो असतो.

करार नेमका कोणत्या क्षणी झाला?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. एखादा जुना व्यवहार घ्या आणि त्याचे सगळे मेल, मेसेज, चलनं तारखेनुसार एका कागदावर उतरवा. मग प्रत्येक ओळीपुढे लिहा: हा प्रस्ताव, ही स्वीकृती, की नुसती चौकशी?

नियम थोडक्यात असा. एकाने प्रस्ताव ठेवला, दुसऱ्याने तो जसाच्या तसा, बिनशर्त मान्य केला की कबुली झाली. कलम ७ तेच सांगतं. मान्य करताना एक जरी अट बदलली, तर ती स्वीकृती नव्हे. तो उलटा, नवा प्रस्ताव, आणि जुना प्रस्ताव त्याने संपतो. आता माझा घोळ बघा. माझं कोटेशन प्रस्ताव होता असं धरलं, तरी पीओमध्ये ९० दिवस आणि स्थिर दर आले, त्यामुळे पीओ हा त्यांचा नवा प्रस्ताव झाला. मग मी काय केलं? गाडी पाठवली. कलम ८ म्हणतं की प्रस्तावातल्या अटीप्रमाणे कृती करणं हीसुद्धा स्वीकृतीच. सही नसली म्हणून काय झालं, माझ्या ड्रायव्हरने माझ्या वतीने सही केली असं समजा.

तेव्हापासून आमच्याकडे एक सवय लागली आहे. पीओ आली की कोटेशनशेजारी ठेवून वाचायची, आणि जे जुळत नाही त्याला गाडी भरण्याआधी एक ओळीचा मेल करायचा: ‘आपल्या पीओतील अट ९ व ११ आम्हाला मान्य नाहीत, आमच्या अमुक तारखेच्या कोटेशनच्या अटींवर माल पाठवत आहोत. मान्य असल्यास कळवा.’ उत्तर येईपर्यंत गाडी थांबवायची. कधीकधी ऑर्डर जाते. सुरुवातीला पोटात गोळा यायचा, आता नाही येत.

स्वीकृती कुठे झाली यालाही महत्त्व आहे, आणि त्यावरचा आपल्या देशातला नेहमी सांगितला जाणारा निकाल आपल्या विदर्भातल्या सरकी पेंडीवरून झालेला आहे. १९५९ च्या जुलैमध्ये अहमदाबादच्या एका व्यापाऱ्याने ट्रंक कॉलवर खामगावच्या ऑइल मिलशी पेंडीचा सौदा केला. पेंड आली नाही म्हणून त्याने अहमदाबादच्या कोर्टात दावा लावला. मिलवाले म्हणाले, आम्ही होकार खामगावातून दिला, करार खामगावला झाला, दावा तिथेच चालवा. १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ठरवलं की फोनवरचा होकार प्रस्ताव मांडणाऱ्याला जिथे ऐकू जातो, तिथे करार होतो. म्हणजे अहमदाबाद. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी मात्र वेगळं मत दिलं. त्यांच्या मते करार खामगावलाच झाला होता. पत्राचं तंत्र निराळं आहे. होकाराचं पत्र टपालात पडलं की प्रस्ताव मांडणारा बांधला जातो, पत्र त्याच्या हातात पडेपर्यंत थांबावं लागत नाही.

याचा आजचा उपयोग? तुमच्या बिलावर आणि कोटेशनवर ‘न्यायक्षेत्र: कोल्हापूर’ असं जे असेल ते छापा. पण उगीच भलत्या शहराचं नाव टाकून उपयोग नाही. ज्या कोर्टांना एरवी अधिकार असतोच, त्यांतलं एक निवडता येतं. जिथे कराराचा काहीच भाग घडला नाही, तिथल्या कोर्टाला नुसत्या अटीने अधिकार येत नाही.

मेल आणि मेसेजवरचा करारही करारच. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०अ ने त्यावर शिक्का मारला आहे. खरेदी विभागातल्या साहेबांचा ‘ओके, प्रोसीड’ म्हणजे अंगठा दाखवणारी एक इमोजी नव्हे, तो होकार आहे. पुरावा म्हणून तो वापरायचा तर नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. म्हणून फोन बदलताना जुने चॅट उडवू नका, आणि महत्त्वाचं ठरलं की त्याच संध्याकाळी मेलवर लिहून पाठवा: ‘आज फोनवर ठरल्याप्रमाणे…’ हे तीन शब्द मी आता झोपेतही टाइप करतो.

कबुली झाली, पण कायद्याने चालेल का?

कलम १० मध्ये चार-पाच गोष्टी आहेत. आता त्या झरझर बघू, कारण रोजच्या धंद्यात यांतल्या एकदोनच आडव्या येतात.

माणूस सज्ञान आणि शुद्धीवर हवा. अज्ञानाशी, म्हणजे वयात न आलेल्याशी, केलेला करार मुळातच शून्य, असं प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातलं सगळ्यात वरचं अपील न्यायालय) १९०३ साली मोहरी बीबीच्या खटल्यात ठरवलं ते आजही तसंच आहे. कॉलेजातला मुलगा तुमच्याकडून उधारीवर माल नेत असेल तर बिल वडिलांच्या नावाने करा. पण धंद्यात खरा प्रश्न वयाचा नसतो, अधिकाराचा असतो. समोरच्या माणसाला फर्मच्या किंवा कंपनीच्या वतीने बांधून घ्यायचा अधिकार आहे का? स्टोअरकीपरने दर वाढवून दिला तर तो टिकेलच असं नाही.

इथेच भागीदारी फर्मवाल्यांसाठी एक ठळक सूचना. तुमची फर्म फर्म्सच्या निबंधकाकडे नोंदलेली नसेल, तर १९३२ च्या भागीदारी कायद्याच्या कलम ६९ मुळे फर्मला करारावरून बाहेरच्या पार्टीवर दावा लावता येत नाही. तुमच्यावर मात्र कुणीही लावू शकतो. पॅन आहे, जीएसटी आहे, चालू खातं आहे म्हणजे फर्म नोंदलेली आहे असा समज मी कितीतरी जणांचा पाहिला आहे. आजच कपाट उघडून नोंदणीचा दाखला शोधा.

मोबदला हवा. कायद्याच्या मराठीत त्याला ‘प्रतिफल’ म्हणतात. ‘पुढच्या लॉटला दोन टक्के सूट देतो’ असं नुसतं म्हणणं आणि ‘दहा तारखेच्या आत पैसे आले तर दोन टक्के सूट’ यांत फरक हा मोबदल्याचाच. कलम २५ मध्ये याला अपवाद आहेत, त्यातला एक उधारी वसूल करणाऱ्याने पाठच करावा: दाव्याची मुदत टळून गेलेलं देणं देईन असं देणेकऱ्याने लेखी आणि सहीनिशी कबूल केलं, तर त्यावर नव्याने मागता येतं.

संमती खुशीची हवी. धमकी, दबाव किंवा फसवणूक करून घेतलेला होकार शून्य नसतो, तो फसलेल्या बाजूला हवं तर रद्द करता येतो. शून्य आणि रद्द करता येण्याजोगा, हा भेद पहिल्या वाचनात निसटतो. सोपी खूण: शून्य करार कुणीच टिकवू शकत नाही, दुसऱ्या प्रकारचा टिकवायचा की मोडायचा हे एकाच बाजूच्या हातात असतं.

आणि हेतू बेकायदा नको. यात धंदेवाल्यांना धक्का देणारं कलम म्हणजे २७. कुणाला त्याचा कायदेशीर धंदा करण्यापासून रोखणारी अट तेवढ्यापुरती शून्य. ‘नोकरी सोडल्यावर तीन वर्षं या व्यवसायात काम करणार नाही’ असं ऑफर लेटरमध्ये कितीही गडद टाइपात छापा, कोर्टात ते टिकत नाही. नोकरी चालू असताना घातलेलं बंधन मात्र चालतं. कल्याणच्या एका रेयॉन कारखान्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली हाच फरक केला. तिथल्या माणसाने पाच वर्षांच्या कराराची मुदत संपायच्या आधीच दुसरीकडे नोकरी धरली होती, म्हणून बंधन मान्य झालं. धंदा नावासकट विकला, तर विकणाऱ्यावर वाजवी मर्यादेत बंधन घालता येतं, तो कायद्यानेच दिलेला अपवाद आहे.

एका पानावर काय लिहायचं

वीस पानी इंग्रजी मसुदा इंटरनेटवरून उतरवून घेऊ नका. मी एकदा घेतला होता. त्यात सगळीकडे न्यूयॉर्कचा कायदा लागू होता, आणि ते माझ्या लक्षात सही झाल्यावर आलं. आपल्या भाषेत एक पान पुरतं. मराठीत लिहिलेला करार तितकाच कायदेशीर.

वस्तूचं वर्णन इतकं नेमकं हवं की तिसऱ्या माणसाने वाचलं तरी तोच माल निवडावा. दर कधीपर्यंत, आणि कच्चा माल किती टक्क्यांच्या वर गेला की दर बदलणार, हे लिहाच. हे मी पोळलेल्या हाताने लिहितो आहे. भाव वाढला म्हणून करार आपोआप सुटत नाही. कलम ५६ अशक्य झालेल्या कामाला सोडवतं, महाग झालेल्या नव्हे. सरकारला तूप पुरवणाऱ्या एका फर्मने महायुद्धामुळे खर्च वाढल्याचं सांगून जादा पैसे मागितले होते. १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने ते नाकारले.

तपासणी आणि रिजेक्शन किती दिवसांत, ते लिहा. नाही लिहिलं तर मालविक्रीचा कायदा ‘वाजवी वेळ’ म्हणतो, आणि तुमची वाजवी वेळ सात दिवस असते, पार्टीची सात महिने. आमच्याकडे आता ‘गेट एन्ट्रीपासून ७ दिवसांत लेखी कळवलं नाही तर माल मान्य’ असं असतं. डेबिट नोटांचा (बिलातून रक्कम कापल्याच्या चिठ्ठ्यांचा) पाऊस बराच थांबला.

वेळेचं कलम ५५ दोन्ही बाजूंनी वाचा. वेळ हाच कराराचा गाभा असेल तर तसं स्पष्ट लिहा. आणि तुम्ही खरेदीदार असाल, उशिरा आलेला माल नाइलाजाने उतरवून घेत असाल, तर त्याच वेळी चलनावर लिहा: ‘उशिराबद्दलची भरपाई मागण्याचा हक्क राखून माल घेतला.’ ते न लिहिता माल घेतला तर नंतर उशिराची भरपाई मागता येत नाही.

पेमेंटच्या अटीत छोट्या उद्योगांना एक आधार आहे. तुम्ही सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेले असाल तर २००६ च्या एमएसएमई विकास कायद्याप्रमाणे लेखी ठरलं तरी मुदत ४५ दिवसांच्या पुढे जात नाही. काहीच ठरलं नसेल तर १५ दिवस. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. माझं त्या पीओतलं ‘९० दिवस’ शेवटी यामुळेच गळालं. ही नोंदणी, म्हणजे उद्यम नोंदणी, ऑर्डर घेण्याच्या आधीची हवी, वाद झाल्यावर पळापळ करून उपयोग होईलच असं नाही. दराचं मात्र काही करता आलं नाही. सहा महिने तोट्यात बॉक्स दिले.

वाद लवादाकडे न्यायचा असेल तर लवाद दोघांच्या संमतीने नेमायचा असं लिहा. ‘आमचे कार्यकारी संचालक नेमतील तो एकमेव लवाद’ अशी अट मोठ्या कंपन्यांच्या पीओत अजून दिसते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या निकालानंतर अशा एकतर्फी नेमणुकीला आव्हान देता येतं.

मोडला तर किती मिळतं

इथे लोकांच्या अपेक्षा फार वेगळ्या असतात. ‘झालेला सगळा तोटा वसूल करीन’ असं कलम ७३ म्हणत नाही. करार मोडल्यामुळे स्वाभाविकपणे होणारं नुकसान, किंवा करार करतानाच दोघांना ठाऊक असलेलं नुकसान, एवढंच मिळतं. याचं मूळ १८५४ च्या इंग्लंडमधल्या एका खटल्यात आहे. ग्लॉस्टरच्या गिरणीचा शाफ्ट तुटला. नव्याचा नमुना म्हणून तो पोचवायला दिला, आणि वाहतूकदाराने उशीर केला. गिरणी बंद राहिली. गिरणीवाल्यांना बुडालेला नफा मिळाला नाही, कारण हा एकच शाफ्ट आहे आणि त्याच्यावाचून गिरणी बंद पडेल, हे वाहतूकदाराला कळेल असं काही सांगितलेलं नव्हतं. तुमची लाइन एखाद्या पार्टवर अडणार असेल तर ऑर्डरमध्येच लिहा, ‘उशीर झाल्यास आमचं उत्पादन बंद राहील, रोजचं नुकसान अंदाजे इतकं’. ती ओळ बिनखर्चाची असते.

दंडाच्या अटीबद्दल कलम ७४. ‘करार मोडल्यास पाच लाख दंड’ लिहिलं म्हणून पाच लाख मिळत नाहीत. लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा. कोर्ट त्याच्या आत वाजवी वाटेल ते देतं. फत्तेचंद विरुद्ध बालकिशन दास या १९६३ च्या प्रकरणात घराच्या व्यवहारात १,००० रुपये इसारा (विसार) आणि नंतर २४,००० रुपये दिलेले होते. खरेदीदाराने व्यवहार मोडला, तेव्हा इसारा जप्त करू दिला, २४,००० दंड म्हणून ठेवू दिले नाहीत. तेव्हा विसार पावती लिहिताना कुठली रक्कम इसारा आणि कुठली आगाऊ पेमेंट, हे वेगळं लिहा.

स्टॅम्प, सही आणि तीन वर्षं

करार लेखी असावाच असं १८७२ चा कायदा सर्वसाधारणपणे म्हणत नाही, नोटरी तर नाहीच नाही. पण सेवा किंवा एजन्सीसारखे करार लेखी केले की मुद्रांक लागतो. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात जिथे १०० रुपयांचा चालायचा तिथे ५०० चा लागतो. मुद्रांक नसला म्हणून करार शून्य होत नाही, पण तूट आणि दंड भरेपर्यंत कोर्ट तो पुराव्यात वाचत नाही.

सही करणाऱ्याने ‘अमुक फर्मकरिता, भागीदार’ असं लिहून शिक्का मारावा. नुसती सही केली की ती फर्मची की त्याची स्वतःची, यावर पुढे वाद होतो. आणि पार्टीसाठी ‘जरा जामीन म्हणून सही करा’ असं कुणी म्हटलं, तर कलम १२८ आठवा. जामीनदाराची जबाबदारी मूळ देणेकऱ्याइतकीच असते. सावकार आधी तुमच्याकडे आला तरी त्याला कुणी अडवत नाही.

वसुलीच्या दाव्याला मुदत साधारण तीन वर्षं. ती संपण्याआधी पार्टीने बाकी लेखी मान्य केली तर तिथून नवी तीन वर्षं सुरू होतात. म्हणून दर ३१ मार्चनंतर आम्ही प्रत्येक पार्टीकडून खातेउताऱ्यावर ‘बाकी मान्य’ असं लिहून सही-शिक्का घेतो. काही जण टाळाटाळ करतात. त्यांची नावं मी वेगळ्या फाइलमध्ये ठेवतो आणि पुढच्या ऑर्डरला आगाऊ पैसे मागतो. त्या सतरा अटींच्या पार्टीचा उतारा यंदा आठवड्यात सही होऊन परत आला.